बाथरूमच्या ब्लाइंडचा रंग कोण खातं?

आमच्या घरात दोन बाथरूम. एकाची खिडकी पश्चिमेला, टेकडीकडे उघडणारी. दुसऱ्याची डक्टमध्ये, जिथे पाइप दिसतात, कबुतरं घुमतात आणि वरच्या मजल्यावरच्या फोडणीचा वास येतो. घर लावताना दोन्हीकडे एकाच दुकानातून, एकाच रंगाचे, मोरपंखी पट्ट्यांचे पीव्हीसी ब्लाइंड लावले. दीड वर्षात दोन्ही विटले. पश्चिमेचा विटला याचं नवल वाटलं नाही. तिकडे दुपारी चार वाजता डोळे उघडवत नाहीत. पण डक्टकडच्या खिडकीला सूर्य ठाऊकच नाही. मग तिथला रंग कोणी नेला?

बघायला आलेल्या कारागिराने स्टुलावर चढायच्या आधी एक ओलं फडकं मागितलं. डक्टकडच्या ब्लाइंडची एक पट्टी पुसली आणि माझ्या डोळ्यांदेखत मोरपंखी रंग परत आला. दोन मिनिटांत पट्टी वाळली, तशी पुन्हा पांढुरकी झाली. मग त्याने पश्चिमेची पट्टी पुसली. ती ओली झाली, चकाकली, पण रंग होता तसाच राहिला, ताकात निळीचे दोन थेंब टाकावेत तसा. त्याने दोन पट्ट्या बोटांनी फाकवल्या. ब्लाइंड मिटला की एक पट्टी दुसरीवर जेवढी चढते, तेवढी अर्ध्या बोटाची कड अजून गर्द मोरपंखी होती.

“ताई, हा उन्हाने गेलाय,” तो म्हणाला. “तो दुसरा गेलेलाच नाही, त्याच्यावर क्षार बसलेत. खालच्या चार पट्ट्यांना मात्र काहीतरी कडक लागलंय. कशाने धुता?”

ही परीक्षा तुम्हीही आधी करा, उपाय नंतर. ओलं केल्यावर रंग परत येत असेल तर तो आत शाबूत आहे. वर क्षारांचं किंवा साबणाचं खरखरीत पुट आहे, त्यावर उजेड विखुरतो आणि रंग पांढुरका दिसतो. पाणी ती खरखर भरून काढतं, म्हणून तेवढ्यापुरता रंग उजळतो. मात्र कोरडं बोट फिरवल्यावर खडूसारखी भुकटी लागत असेल तर ते पुट नव्हे, प्लास्टिकच झिजतंय. झाकलेली कड गडद आणि उघडा भाग फिका असेल तर ऊन. फक्त खालचा भाग फिका किंवा ठिपक्याठिपक्यांनी उडालेला असेल तर शिंतोडे आणि साफसफाईची औषधं. काळे-करडे ठिपके असतील तर बुरशी. तिचा रंगाशी संबंध नाही, पण लोक तिलाही ‘कळा गेली’ असंच म्हणतात. चारही तक्रारी एकाच खिडकीत असू शकतात, हे खरं. तरीही मुख्य चोर कोण ते कळल्याशिवाय नवा ब्लाइंड आणू नका, नाहीतर दीड वर्षाने पुन्हा तोच कारागीर आणि तेच स्टूल.

उन्हाचं काम आपल्या घरात सगळ्यांना माहीत असतं, फक्त आपण ते ब्लाइंडला लावून बघत नाही. पांढऱ्या कुडत्यावर वरणाचा डाग पडतो, साबण लागताच तांबडा होतो, आणि सासूबाई म्हणतात, “अगं घासत बसू नकोस, उन्हात टाक.” संध्याकाळपर्यंत डाग गायब. हळदीतलं कुरकुमिन प्रकाशाने मोडतं, म्हणून हे जमतं. ब्लाइंडच्या रंगाचंही असंच होतं, फक्त तो हळदीपेक्षा चिवट असल्याने एका दुपारऐवजी वर्ष-दोन वर्षं टिकतो. पैठणी सावलीत वाळवायची आणि रंगीत कपडे उलटे करून दोरीवर घालायचे, हे ज्यांना कुणी शिकवावं लागत नाही, त्यांच्याच बाथरूममध्ये रंगीत ब्लाइंड सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हाला तोंड देऊन मिटलेला असतो. मीही त्यांतलीच.

आता जरा हिशेब करू. बाथरूम दिवसातले वीस-बावीस तास रिकामं असतं. खिडकीला बहुतेक घरांत धूसर किंवा नक्षीची काच असते. दिवसा बाहेर उजेड जास्त आणि आत कमी, त्यामुळे अशा काचेतून बाहेरच्याला काही दिसत नाही. खरी अडचण दिवा लावल्यावर येते. मग आतल्या माणसाची सावली काचेवर उमटते. म्हणजे ब्लाइंड हवा असतो तो पहाटे, संध्याकाळी आणि रात्री. नेमकं तेव्हा ऊन नसतं! दिवाणखान्यातल्या पडद्याला भर दुपारी उन्हात उभं राहण्यावाचून गत्यंतर नाही, बाथरूममधल्याला आहे. शेवटची आंघोळ झाली की तो वर ओढून ठेवा. पट्ट्यांचा ब्लाइंड वर गोळा झाला की उन्हासमोर पट्ट्यांच्या फक्त कडा उरतात, रोलरचं कापड गुंडाळलं की त्याचा एकच वेढा. या एका सवयीला पैसे लागत नाहीत, आणि मला विचाराल तर पुढचे सगळे उपाय हिच्यानंतरचे.

काच साधी असेल, किंवा समोरच्या इमारतीतून सरळ आत दिसत असेल, तर दिवसभर वर ठेवणं जमणार नाही. अशा वेळी पट्ट्या रोज एकाच बाजूला मिटू नका. दोरी किंवा दांडी एका दिशेने फिरवली की पट्टीचा एक पृष्ठभाग बाहेर येतो, उलट फिरवली की दुसरा. दर महिन्याला दिशा बदलली तर ऊन दोन्ही बाजूंना वाटून जातं आणि अर्ध्या बोटाची ती गडद कडही नजरेत भरत नाही.

खिडकी कुठल्या दिशेला आहे, हे कंपास काढून बघण्याइतकं महत्त्वाचं आहे. पूर्व आणि पश्चिमेला ऊन खालून, तिरपं येतं, त्यामुळे छज्जा कितीही रुंद असला तरी त्याला दाद देत नाही. पश्चिमेला वर हवाही तापलेली, म्हणून तिकडचा ब्लाइंड दोघांत जास्त सोसतो. दक्षिणेच्या खिडकीचं गणित उलट्या ऋतूत चालतं. २२ डिसेंबरच्या सुमारास मुंबईत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो, म्हणजे ऊन आत शिरतं ते थंडीत. पण तिथे छज्जा कामाला येतो. खिडकीच्या डोक्यावर दीड फुटाचा छज्जा असला तर त्या दिवशी दुपारी खालचं दीड फुटाहून थोडं जास्त सावलीत राहतं. बाथरूमची खिडकी असते दोन फुटांची. तेव्हा ब्लाइंडची खालची अर्धी वीतच उन्हात सापडते.

आणि उत्तर? “आमची उत्तरेची आहे, ऊन येतच नाही,” असं सांगणाऱ्यांनी मे महिन्यात पुन्हा एकदा बघावं. शून्य सावलीचा दिवस मुंबई-पुण्यात मेच्या मध्यावर येतो. त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत सूर्य दुपारीही आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळी तर चांगलाच. जूनमध्ये ढग आले की सुटका होते, पण पाऊस लागेपर्यंतचे ते तीन-चार आठवडे उत्तरेच्या खिडकीलाही सोडत नाहीत.

काचेविषयी एक मोठा गैरसमज आहे. धूसर काच ऊन ‘मऊ’ करते, ते डोळ्यांना. रंगाला त्याचा उपयोग जवळजवळ नाही. साधी काच अतिनील किरणांतला लहान तरंगलांबीचा भाग बराचसा अडवते, पण ३१५ ते ४०० नॅनोमीटरमधला भाग बहुतांशी आत सोडते, आणि काच धूसर केल्याने तो फक्त विखुरतो. अतिनील अडवायचे तर दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड काच हवी किंवा काचेला फिल्म लावायला हवी. चांगली फिल्म ९९ टक्क्यांपर्यंत अतिनील अडवते. पण विकणारा हा आकडा असा सांगतो, की रंग उडणंच ९९ टक्के थांबेल असं आपल्याला वाटावं. दिसणारा उजेडही रंग मोडतो, उष्णता त्याला घाई करते. फिल्मने ब्लाइंडचं आयुष्य वाढतं, एवढीच अपेक्षा ठेवा. लुव्हरच्या खिडकीत प्रत्येक काच काढून तिच्या गुळगुळीत बाजूलाच फिल्म लावावी लागते. नक्षीच्या बाजूला ती धरत नाही, महिन्याभरात फोड येतात. आत तारेची जाळी असलेल्या काचेला गडद फिल्म लावूच नका, काच जास्त तापून तडकते.

ऊन काचेच्या बाहेरच अडवता आलं तर सगळ्यांत उत्तम. बाल्कनीत झाडांवर बांधतात ती हिरवी जाळी ५० किंवा ७५ टक्के सावलीची मिळते, तिचा तुकडा खिडकीच्या ग्रिलला बाहेरून बांधला की बाथरूम थंडही राहतं. दिसायला बरं नाही, आणि सोसायटीची हरकत येऊ शकते.

इथपर्यंत जे सांगितलं ते कुठल्याही खोलीला लागू पडावं. बाथरूमची स्वतःची दोन दुखणी आहेत, वाफ आणि ॲसिड.

बरेच रंग कोरड्यापेक्षा दमट हवेत उन्हाने लवकर उडतात. सकाळी गीझरच्या पाण्याने चार आंघोळी होतात, ब्लाइंड वाफेने ओलाचिंब होतो, आणि पूर्वेची खिडकी असेल तर त्याच ओल्या ब्लाइंडवर आठ वाजता ऊन पडतं. यासाठी आंघोळीनंतर एक्झॉस्ट पंधरा-वीस मिनिटं चालू राहू द्या, आणि पट्ट्या आडव्या, पूर्ण उघड्या ठेवा, म्हणजे मधून हवा खेळते. रोलरचा ब्लाइंड ओला असताना गुंडाळू नका. आत ओल राहून बुरशी धरते आणि गडद रंग शेजारच्या वेढ्याला लागू शकतो. आधी सुकू द्या, मग वर. कोकणात किंवा पावसाळ्यात दोन-दोन दिवस काही सुकत नाही, तिथे कापडाच्या नादी लागूच नये. बांबूच्या चिकेच्याही. फोटोत चीक सुंदर दिसते, पण श्रावण संपेपर्यंत तिच्यावर कशी लव चढते ते मी मैत्रिणीकडे पाहिलंय.

इथे एक गोष्ट मध्येच सांगते, कारण ती रंगापेक्षा मोठी आहे. बाथरूममध्ये गॅसचा गीझर असेल तर ब्लाइंडने लुव्हर किंवा झरोका झाकू नका, आंघोळ चालू असताना तर मुळीच नाही. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत काही कळत नाही. असा गीझर बाथरूमच्या बाहेर बसवून घेणं सगळ्यांत चांगलं. ते होईपर्यंत खिडकीचा वरचा भाग उघडाच राहू द्या.

आता ॲसिड. कारागिराने विचारलं तेव्हा मी सिंकखाली वाकून बाटली काढली. दर शनिवारी मावशी त्या बाटलीने फरशी घासायच्या, आणि ती बाटली त्यांना मीच आणून दिलेली. टाइल्सवरचे डाग काढणाऱ्या बहुतेक कडक द्रावणांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्याच्या वाफेने ब्लाइंडच्या लोखंडी क्लिपा गंजतात, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या कडांना पांढरी भुकटी सुटते. ब्लीचिंग पावडर आणि पातळ ब्लीच ही तर रंग उडवण्यासाठीच बनवलेली. कापडाच्या ब्लाइंडवर एक शिंतोडा उडाला की तिथे कायमचा पिवळट ठिपका पडतो. फरशी धुवायच्या दिवशी ब्लाइंड वर ओढा, त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवा, खिडकी उघडी ठेवा, आणि नंतर भरपूर पाणी ओता. ॲसिड आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र किंवा लागोपाठ वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

ब्लाइंडला स्वतःला एवढं काही लागत नाही. आठवड्याला कोरडं मायक्रोफायबर फडकं, महिन्याला बादलीभर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, त्यात पिळलेलं फडकं, मग साधं पाणी, मग कोरडं. पट्टी पुसताना डाव्या हाताने खालून आधार द्या. पीव्हीसीची पट्टी जुनी झाली की दोरीच्या भोकापाशीच तडकते. घासणी, पावडर, तारेचा गोळा यांतलं काही नको. चकाकी ओरखडली की पट्टी फिकीच दिसते, मग ऊन असो वा नसो.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असलेल्या घरांत क्षार चढणारच. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या, त्यात भिजवलेलं फडकं पट्टीवर पाच मिनिटं गुंडाळून ठेवा, पुसा, साध्या पाण्याने धुवा. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर गुंडाळून ठेवू नका, नुसतं फिरवून लगेच धुवा. लिंबाचं सालही चालतं. आपल्याकडे बाथरूमच्या खिडकीची चौकट बरेचदा मार्बलची असते, तिच्यावर आधी प्लास्टिक अंथरा. व्हिनेगरचा थेंब मार्बलची चकाकी खातो. माझा डक्टकडचा ब्लाइंड एका रविवारी दुपारी असा पुसून काढला. वरच्या सगळ्या पट्ट्या नव्यासारख्या झाल्या. खालच्या चार गेल्या त्या गेल्याच. पुट काढल्यावर आत रंग उरलाच नव्हता.

नवा घ्यायची वेळ आलीच तर दुकानात शेड कार्ड बघण्याआधी रंगाचा उन्हातला पक्केपणा विचारा. रोलरच्या कापडाच्या चांगल्या कॅटलॉगमध्ये ‘कलर फास्टनेस टू लाइट’ म्हणून आकडा दिलेला असतो. तो बहुधा १ ते ८ या मापात असतो, ज्याला ब्लू वूल स्केल म्हणतात. निळ्या रंगांत रंगवलेल्या लोकरीच्या आठ पट्ट्या, पहिली सगळ्यांत कच्ची, आठवी सगळ्यांत पक्की, प्रत्येक पुढची आधीच्या पट्टीपेक्षा साधारण दुपटीने टिकणारी. कापडाचा तुकडा त्यांच्यासोबत उजेडात ठेवतात आणि तो कुठल्या पट्टीइतका टिकला ते बघतात. उन्हाच्या खिडकीसाठी ६ च्या खाली उतरू नका. पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिकमध्ये धागा ओढण्याआधीच रंग मिसळलेला असेल तर तो धाग्याच्या गाभ्यापर्यंत असतो आणि वरून रंगवलेल्यापेक्षा जास्त टिकतो. गडद आणि भडक रंग विटले की लगेच डोळ्यांत येतात. करडा, वाळूचा, मळकट पांढरा यांचं विटणं कुणाच्या लक्षातही येत नाही. पांढरं पीव्हीसी मात्र स्वस्तातलं असलं तर उन्हाने पिवळं पडतं.

दुकानदाराला आकडा सांगता आला नाही, आणि बरेचदा येत नाही, तर तळहाताएवढा नमुना मागून घ्या. अर्ध्यावर स्वयंपाकघरातला चंदेरी फॉइल दोन घड्या करून चिकटवा आणि तुकडा खिडकीच्या काचेला आतून लावा. एप्रिल-मेमधला एक महिना पुरतो. फॉइल काढल्यावर मध्ये रेघ दिसली, तर तो रंग तुमच्या खिडकीचा नाही. मी पाच नमुने असे लावले होते, त्यांतला एक वाइन रंगाचा तिसऱ्याच आठवड्यात उघडा पडला. दुकानदाराला तुकडा दाखवला तर तो म्हणाला, “मॅडम, असं उन्हात कोण ठेवतं?”

जुन्या पीव्हीसी ब्लाइंडवर खडूसारखी भुकटी सुटत असेल तर तो टाकून द्या, विशेषतः घरात रांगतं मूल असेल तर. १९९६ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने बाहेरून आयात झालेल्या व्हिनाइलच्या मिनी ब्लाइंडबद्दल इशारा दिला होता. प्लास्टिक टिकावं म्हणून त्यात शिसं मिसळलेलं होतं, आणि ऊन-उष्णतेने प्लास्टिक झिजल्यावर शिशाची धूळ पट्ट्यांवर साचत होती. प्रत्येक जुन्या ब्लाइंडमध्ये शिसं असतंच असं नाही, पण भुकटी कोरडी झटकून खोलीभर उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि फडकं फेकून द्या.

विटलेला रंग परत आणता येतो का, असं विचारणारे निम्मे लोक मनात कपड्याचा रंग धरून असतात. सुती कपड्यांची रंगाची पुडी पॉलिएस्टरवर चढत नाही. गाडीच्या डॅशबोर्डचं पॉलिश पीव्हीसीला आठ दिवस झळाळी देतं, मग त्यावर धूळ चिकटते. उन्हापासून वाचवणारे स्प्रे मिळतात, ते नव्या ब्लाइंडवर लावून काही महिन्यांनी पुन्हा मारावे लागतात. गेलेला रंग त्यांनीही येत नाही. रोलरचं कापड दोन्ही बाजूंनी सारखं असेल तर नळीवरून काढून उलटं बसवून घ्या, आयुष्य दुप्पट होतं. पट्ट्यांच्या ब्लाइंडमध्ये अनेकदा उंचीपेक्षा जास्त पट्ट्या असतात आणि त्या तळाशी नुसत्या एकावर एक पडून असतात. तळपट्टीचं प्लास्टिकचं बूच काढा, दोरीची गाठ सोडा, दोरी वर ओढून घ्या, की पट्ट्या एकेक बाजूने सरकवून काढता येतात. खराब झालेल्या तळाशी घाला, चांगल्या वर. आमच्या डक्टकडच्या ब्लाइंडच्या चार पट्ट्या अशाच खाली गेल्या.

पश्चिमेच्या खिडकीत आता वाळूच्या रंगाचा रोलर आहे, काचेला फिल्म आहे. शेवटच्या आंघोळीनंतर, ब्लाइंड सुकला की दोरी ओढायचं काम घरातल्या सगळ्यांत उशिरा उठणाऱ्याकडे दिलंय. तो आठवड्यातून चार दिवस विसरतो. मग चारच्या चहाचं आधण ठेवून मीच जाऊन ओढते.